ससे आणि कोल्हे: माझ्या एक्सेलमध्ये सगळेच का मरतायत?

रिकामी_चौकट:
नमस्कार मंडळी. बायोलॉजीशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, पण भाचीच्या पुस्तकात तो ग्राफ आहे ना, ससे वाढले की मागोमाग शिकारी वाढतात, मग ससे घटतात, मग शिकारी घटतात, की परत ससे वर, अशा एकामागोमाग लाटा, तो तिला समजावायला बसलो आणि म्हटलं नुसती बडबड करण्यापेक्षा एक्सेलमध्ये करूनच दाखवू, मामाचा भाव जरा वधारेल. झालं उलटंच.

नियम अगदी साधे ठेवलेत. सुरुवातीला १०० ससे, १० कोल्हे. ससे दरवर्षी ५० टक्क्यांनी वाढतात. प्रत्येक कोल्हा वर्षभरात २ टक्के ससे खातो. खाल्लेल्या दर १०० सशांमागे कोल्ह्यांची १५ पिल्लं वाढतात, आणि कोल्ह्यांतले ३० टक्के दरवर्षी मरतात. बस. पाचव्या वर्षापर्यंत चित्र एकदम पुस्तकातल्यासारखं, ससे ३०७, कोल्हे २७. सातव्या वर्षी ससे १८८, कोल्हे ६९. आठव्या वर्षी ससे २३ आणि कोल्हे ८७. आणि नवव्या वर्षी ससे उणे साडेपाच!! भाची हसून हसून लोळली. मी तिथे शून्य टाकलं, मग काय, खायला काही नाही म्हणून कोल्हे दरवर्षी कमी होत होत एकविसाव्या वर्षापर्यंत तेही संपले.

तर प्रश्न असा की पुस्तकातल्या लाटा खऱ्या असतात का कुणीतरी छान दिसतात म्हणून काढल्यात? आणि खऱ्या जंगलात शिकाऱ्याला सगळं भक्ष्य संपवण्यापासून कोण अडवतं? कारण कोल्ह्याला काही माहीत नसतं की पुढच्या वर्षासाठी चार ससे राखून ठेवावेत.

आकडेमोड्या:
तुमचे ससे कोल्ह्यांनी नाही, एक्सेलने मारलेत. हिशोब बघा, आठव्या वर्षी ८७ कोल्हे गुणिले २ टक्के म्हणजे १७४ टक्के ससे फस्त. २३ सशांतले ४१ खाल्ले. असं होतं कारण तुमची शीट वर्षाची सगळी शिकार १ जानेवारीलाच ठरवून टाकते, मधल्या काळात ससे कमी झालेत तरी कोल्हे जुन्याच आकड्यावर ताव मारत राहतात. वर्षाचे ३६५ तुकडे करा, सगळे दर ३६५ने भागा आणि फॉर्म्युला खाली ओढा. ससे साधारण ३० ते २४० आणि कोल्हे १० ते ५० यांच्यात फिरत राहतील, शून्य होणार नाहीत. पुस्तकातला ग्राफ आला तुमच्या शीटमध्ये.

पण लगेच खूश होऊ नका. ही समीकरणं लोटका आणि वोल्टेरा या दोघांनी १९२५-२६ च्या सुमारास वेगवेगळी मांडली. त्यातली वोल्टेराची गोष्ट मला फार आवडते. हा इटलीतला मोठा गणिती, आणि उम्बेर्तो दान्कोना नावाचा त्याचा होणारा जावई माशांचा अभ्यासक. त्याने एड्रियाटिक समुद्राच्या काठच्या बाजारांतल्या मासळीच्या नोंदी काढल्या तर पहिल्या महायुद्धाच्या काळात शार्क, पाकट अशा शिकारी माशांचं प्रमाण चढलेलं. फ्यूमे बंदरात १९१४ ला १२ टक्के होतं ते १९१८ ला ३६ टक्के. युद्धामुळे मासेमारी थंडावली होती हे ठीक, पण मग सगळेच मासे सारखे वाढायला हवेत, शिकारीच का जास्त? जावयाने सासऱ्याला गृहपाठ दिला आणि सासऱ्याने समीकरणं मांडून उत्तर काढलं की दोन्ही प्रकारचे मासे सरसकट मारत राहिलं तर सरासरीत शिकारी घटतात आणि भक्ष्य उलट वाढतं, आणि मारणं थांबलं की याच्या उलट.

हे नुसतं कागदावरचं नाही बरं का. कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय बागांमध्ये कापसासारखी दिसणारी एक खवलेकीड होती, १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून एक छोटा लाल-काळा ढालकिडा आणून सोडला तर त्याने ती जवळपास संपवून टाकली. पुढे १९४० च्या दशकात डीडीटी आलं, फवारलं, ढालकिडे मेले आणि खवलेकीड परत बोकांडी बसली.

शेवाळलेला_दगड:
आकडेमोड्यांचं गणित बरोबर पण चौकट यांच्या शीटला एवढी नावं ठेवू नका, कारण त्या शीटमध्ये जे झालं ते अगदी तसंच्या तसं काचेच्या नळीत झालेलं आहे. गाउस नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९३४ साली पॅरामिशियम आणि त्याला खाणारा डिडिनियम, दोन्ही एकपेशीय, एकाच नळीत ठेवले. डिडिनियम दिसायला पिंपासारखा आणि खादाड इतका की स्वतःएवढा पॅरामिशियम अख्खा गिळतो. काही दिवसांत त्याने सगळे पॅरामिशियम संपवले आणि मग स्वतः उपाशी मेला. लाट वगैरे काही नाही. तुमचं नववं आणि एकविसावं वर्ष.

मग त्याने तळाशी गाळ ठेवला, पॅरामिशियमला लपायला जागा. आता काही पॅरामिशियम गाळात बसले, डिडिनियम बाहेरचे खाऊन उपाशी मेला आणि गाळातले बाहेर येऊन बेसुमार वाढले. लाट अजूनही नाही! शेवटी दर तिसऱ्या दिवशी दोघांचा एक एक जीव बाहेरून टाकायला लागला तेव्हा कुठे चढउतार दिसले.

१९५८ मध्ये हफेकर या कीटकशास्त्रज्ञाने हेच संत्र्यांवर केलं. संत्रं खाणारी एक कोळी कीड आणि तिला खाणारी दुसरी कोळी कीड. संत्री जवळजवळ ठेवली की शिकारी सगळ्यांना गाठायची आणि खेळ खलास. मग त्याने मध्येमध्ये रबरी चेंडू ठेवले, व्हॅसलिनचे बांध घातले म्हणजे शिकारीला चालत जायला अडथळा, आणि भक्ष्य कीड धाग्याला लटकून वाऱ्यावर उडते म्हणून तिच्यासाठी छोट्या काड्या उभ्या केल्या, वर पंखा लावला. भक्ष्य एक पाऊल पुढे, शिकारी मागे. तेव्हा ओळीने तीन लाटा मिळाल्या आणि मग तेही कोसळलं. मला विचाराल तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या व्हॅसलिनमध्येच आहे. कोल्हा ससे राखून ठेवत नाही हो, ससे त्याला सापडत नाहीत. तुमच्या शीटमध्ये सगळे ससे उघड्या माळावर बसलेत, एक बीळ तरी द्या त्यांना.

सरळसोट:
एवढा काथ्याकूट कशाला. शिकारी ठेवा, भक्ष्य कमी. शिकारी काढा, भक्ष्य वाढेल. बेरीज वजाबाकी आहे.

पायवाट:
@सरळसोट वजाबाकी एवढी सरळ असती तर काय हवं होतं. लांडग्याने १०० हरणं मारली म्हणजे १०० हरणं कमी झाली असं नसतं, कारण त्यातली किती तशीही त्या हिवाळ्यात मरणार होती हे बघावं लागतं.

अमेरिकेत आयोवा राज्यात पॉल एरिंग्टन नावाचा माणूस वर्षानुवर्षं पाणथळीत मस्करॅट मोजत बसायचा. मस्करॅट म्हणजे घुशीसारखा दिसणारा, पाण्याकाठी राहणारा प्राणी, आणि त्याला खाणारा मिंक. त्याच्या लक्षात आलं की मिंकच्या तोंडी लागतात ते बहुतेक बेघर. ज्यांना स्वतःचा इलाका मिळाला नाही, ज्यांना बाकीच्यांनी हाकलून दिलंय, जखमी, तहानेने किंवा थंडीने बाहेर पडलेले. पाणथळीत चांगल्या जागा मोजक्याच, त्यापेक्षा जास्त झालेले मिंकने खाल्ले काय किंवा थंडीने मेले काय, वसंतात शिल्लक राहणारा आकडा जवळपास तोच. म्हणून कोणाला खाल्लं हे किती खाल्ले याच्या आधी विचारा.

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कचं बघा. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. उत्तरेकडच्या एल्क हरणांचा कळप तेव्हा साधारण १९,००० होता, तो २०१३ पर्यंत ४,००० च्या खाली आला. सगळीकडे गोष्ट एकच सांगतात, लांडगे आले आणि हरणं घटली, झाडं वाढली, नद्यासुद्धा वळल्या. व्हिडिओ छान आहेत, पण त्याच काळात पार्कच्या बाहेर माणसं हिवाळ्यात माद्यांची शिकार करत होती, १९९६-९७ चा हिवाळा भयंकर होता, नंतर दुष्काळ पडला, आणि अस्वलं नि प्यूमा वाढलेले. अस्वल तर नुकत्या जन्मलेल्या पाडसांवरच टपून असतं. आणि खरी गंमत इथे आहे, लांडग्यांनी मारलेल्या माद्यांचं सरासरी वय साधारण १४ वर्षं, तर माणसांनी मारलेल्यांचं साधारण साडेसहा. चौदा वर्षांची मादी आता फारशी विणार नाही, ती गेली तर कळपाचं पुढचं फार बिघडत नाही. साडेसहाची गेली म्हणजे तिची पुढची कितीतरी पाडसं गेली. आकडा दोन्हीकडे एकच लिहिला जातो, एक हरीण कमी. लांडग्यांचा परिणाम झालाच नाही असं मी म्हणत नाहीये, झालाय, पण किती वाटा त्यांचा आणि किती बाकीच्यांचा यावर तज्ज्ञ अजून भांडतायत.

सरळसोट:
बरं मान्य. पण शिकारी काढले तर वाढतात हे तरी खरं ना? अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावरचे रेनडिअर (थंड प्रदेशातलं हरीण). १९४४ ला २९ सोडले, एकही शिकारी नाही, १९६३ ला ६,००० झाले.

पायवाट:
आणि १९६६ ला ४२ राहिले. तो भाग का गाळता 😀 बेटावरचं दगडफूल त्यांनी खरवडून संपवलं आणि त्यात एक जबरदस्त हिवाळा आला. शिकारी नसला की संख्येला दुसरं कोणीतरी धरतं, एवढंच.

हिमरेषा:
उशिरा आले धाग्यावर. तो पुस्तकातला ग्राफ म्हणजे बहुतेक कॅनडाचा लिंक्स (एक मोठं रानमांजर) आणि हिवाळ्यात पांढरा होणारा ससा यांचाच असणार, तर त्याबद्दल थोडं लिहिते कारण त्यात एक मोठा घोळ आहे. तो आकडा जंगलात जाऊन मोजलेल्या जनावरांचा नाही. हडसन बे या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीकडे फासे लावणाऱ्या शिकाऱ्यांनी आणून दिलेल्या कातड्यांच्या नोंदी आहेत. चार्ल्स एल्टन या प्राणिशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकापासून त्या चाळून दाखवलं की साधारण दर दहा वर्षांनी एक शिखर येतं. लाटा खऱ्या आहेत, नंतर प्रत्यक्ष जंगलातही दिसल्या, ससे आधी आणि लिंक्स वर्ष-दोन वर्षं मागे. पण "लिंक्समुळे ससे घटतात" हे त्या ग्राफवरून सिद्ध होत नाही, कारण ससे आपल्या आपण घटले असते तरी लिंक्स मागून घटलेच असते. ग्राफ तसाच दिसला असता.

म्हणून मग कॅनडाच्या यूकॉन भागात क्लुएन इथे क्रेब्स नावाच्या शास्त्रज्ञाने आणि मंडळींनी १९८६ पासून आठ वर्षं प्रयोग केला. एक चौरस किलोमीटरचे जंगलाचे तुकडे घेतले. एकाला विजेचं कुंपण, ससे आरपार जातील पण लिंक्स, कायोटी (कोल्ह्यासारखा शिकारी) आत येणार नाहीत. काही तुकड्यांत सशांना जादा खाद्य. एका तुकड्यात दोन्ही. आणि काही तुकडे जसेच्या तसे. नुसतं कुंपण घातलं तिथे ससे साधारण दुप्पट. नुसतं खाद्य टाकलं तिथे तिप्पट. सरळसोटांच्या बेरजेप्रमाणे दोन्ही मिळून किती व्हायला हवेत? चौपट, फार तर गुणाकार करून सहापट. आले अकरापट. म्हणजे भूक आणि शिकारी ही दोन वेगळी खाती नाहीतच. पोट भरलेल्या सशाला उघड्यावर जास्त भटकावं लागत नाही, आणि मागे कोणी नसेल तर चांगल्या जागी निवांत खाता येतं.

त्यात अजून एक, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेल्या सशांमधले जे मेले ते जवळपास सगळे कोणाच्या तरी पंजात मेले. उपाशी मेलेले अगदी थोडे. पण म्हणून खाद्याचा काही संबंध नाही म्हणाल तर कुंपणाचे आकडे खोटे ठरतात.

शेवाळलेला_दगड:
हे अकरापट मला दरवेळी नव्याने आवडतं.

हिमरेषा:
मलाही 🙂 आणि भीतीचं राहिलंच. उतरत्या काळात सशांच्या माद्या पिल्लंही कमी घालतात. हे नुसत्या भीतीने होऊ शकतं का हे वेगळं काढून बघणं अवघड, कारण शिकारी आला की तो खातोही आणि घाबरवतोही. तर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या बेटांवर सॉंग स्पॅरो या चिमण्यांवर एक प्रयोग झाला, २०११ मध्ये छापून आला. घरट्यांना जाळ्या आणि विजेची कुंपणं, म्हणजे खरा शिकारी पोचूच शकत नाही. मग स्पीकर लावले. एका भागात शिकारी पक्षी-प्राण्यांचे आवाज, दुसऱ्या भागात निरुपद्रवी आवाज. जिथे शिकाऱ्यांचे आवाज ऐकवले तिथे हंगामात वाढून बाहेर पडलेली पिल्लं ४० टक्के कमी. अंडी कमी घातली, कमी फुटली, पिल्लांना भरवायला आईबाप कमी वेळा आले. एकही पिल्लू कोणी खाल्लेलं नाही हं यात.

रिकामी_चौकट:
बापरे, चहा करून येईपर्यंत इतकं लिहिलंत, सगळ्यांचे आभार. शेवाळलेला_दगड यांचं ऐकून बीळ दिलं. म्हणजे ६० ससे कायम लपलेले धरले, कोल्ह्यांना फक्त त्यावरचे दिसतात, आणि दिसतात त्यापेक्षा जास्त खाता येणार नाहीत असा एक मिनचा फॉर्म्युला लावला (उणे ससे बंद!). वर्षाचे तुकडे केले नाहीत, जुनीच वर्षाची उडी. सहाव्या वर्षी ससे ५७१, आठव्या वर्षी कोल्हे १२१, मला वाटलं आता परत स्मशान, पण नाही, ससे १२१ च्या खाली गेलेच नाहीत, कोल्हे हळूहळू उपासमारीने उतरले आणि अठराव्या वर्षी ससे १४५, कोल्हे ३४. पुढे नुसते १६० आणि ४० च्या आसपास डुलतायत. एका बिळाने एवढा फरक.

आता उपप्रश्न. बीळ नसेल पण भक्ष्य पळून जात असेल तर? आणि कोल्ह्यांना सशांशिवाय दुसरं खायला असेल तर सशांवरचा ताण कमी होईल ना? मला तरी तसंच वाटतंय.

पायवाट:
पळून जाण्याचं उत्तम उदाहरण आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या गवताळ माळावरचे विल्डबीस्ट, म्हणजे कळपाने स्थलांतर करणारी मोठी हरणं. सिंहिणीला पिल्लं घेऊन त्यांच्यामागे शेकडो किलोमीटर जाता येत नाही, तिला एका जागी राहावं लागतं, त्यामुळे कळप निघून गेला की तिला मागे उरलेल्यांवर भागवावं लागतं. १९६० च्या सुमारास विल्डबीस्ट अडीच लाख होते, गुरांना लस दिल्यामुळे बुळकांडी रोग हटला आणि १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या वर गेले. सिंह, तरस सगळे तिथेच होते, अडवू शकले नाहीत, शेवटी गवताने अडवलं. तिथेच बारीक हरणांवर मात्र शिकाऱ्यांचा जोर भरपूर चालतो कारण त्यांना खाणारे डझनभर, आणि हत्ती-गेंड्याच्या मोठ्या जनावराला कोण हात लावणार.

उलट बाजूने अमेरिकेतल्या आयल रॉयल बेटाबद्दल वाचा, १९५८ पासून तिथे लांडगे आणि मूस (एक मोठं हरीण) मोजतायत. पळायला जागा नाही, दुसरं भक्ष्य फारसं नाही, म्हणजे तुमच्या शीटच्या सर्वात जवळचं. आणि तिथे काय झालं, १९८० ला ५० लांडगे होते ते १९८२ ला १४, कारण कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू. ससे-कोल्हे समीकरणात विषाणूचा रकाना कुठाय? त्यानंतर मूस वाढत वाढत १९९५ ला २,४०० च्या आसपास गेले आणि लगेचच्या कडक हिवाळ्यात उपासमारीने धडाधड कोसळले. लांडगे आपसात वीण होऊन होऊन शेवटी दोनच उरले, मग २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ आणून सोडले आणि मूस परत निम्म्यावर आले.

आकडेमोड्या:
दुसऱ्या खाण्याबद्दल तुम्ही अगदी उलटं समजताय, आणि हे जवळपास सगळेच उलटं समजतात. लहान मुदतीत कोल्हा उंदरांवर वळला तर सशांना श्वास मिळतो, खरंय. पण उंदरांमुळे कोल्ह्यांची संख्या टिकून राहते, आणि ससे दुर्मिळ झाले तरी कोल्हे उपाशी मरत नाहीत, म्हणजे सशांना सावरायला जी फट मिळायची तीच बंद. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांच्या सामानातून तपकिरी रंगाचा झाडावरचा साप पोचला. नुसत्या पक्ष्यांवर जगणारा असता तर पक्षी संपत आले की तोही आटला असता. पण बेटावर सरडे-पाली आणि उंदीर भरपूर, साप त्यावर पोसले जात राहिले आणि जाता येता एकेक घरटं साफ. रानातल्या पक्ष्यांच्या १२ मूळ जातींपैकी १० गेल्या.

तुमच्या शीटमध्येच करून बघा की. कोल्ह्यांचा रकाना उंदरांच्या जिवावर ३० ला कायम करा, बीळ काढून टाका.

रिकामी_चौकट:
केलं. २५ कोल्ह्यांवर ससे १०० चे १०० राहतात, हलत नाहीत. ३० केले तर दरवर्षी १० टक्के घट, पहिल्या पाचदहा ओळींत काही वाटतच नाही, ९०, ८१, ७३ असे सावकाश, आणि ४४ व्या ओळीत आकडा एकच्या खाली. आधीच्या शीटपेक्षा हे जास्त भयानक वाटलं मला, कारण तिकडे निदान गोंधळ दिसत होता, इथे कोल्ह्यांचा रकाना शेवटपर्यंत ३०, ३०, ३०, जसं काही घडतच नाहीये.

भाचीला तिन्ही शीट दिल्यात. ती म्हणते पहिल्या शीटमधली उणे साडेपाच सशांची ओळ मी शून्य केली ती परत आहे तशी कर, तिला ती मैत्रिणींना दाखवायचीय.